उंदीर, पाणी आणि घर : गृहविम्यातील ‘अपघात’ व ‘उपेक्षा’ यांच्या सीमारेषेचा इतिहास (विशेष संदर्भ : कोल्हापूर)

प्रस्तावना

घर बांधणे ही मराठी माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गुंतवणूक मानली जाते. मात्र त्या घराचा विमा उतरविण्याकडे त्याचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. आयुर्विमा मध्यमवर्गीय कुटुंबात स्थिरावला, वाहनविमा कायद्याने सक्तीचा केला आणि पीकविमा शासनाच्या योजनांमधून शेतकऱ्यापर्यंत पोहोचला. गृहविमा मात्र बहुधा गृहकर्जाच्या कागदपत्रांबरोबर घरात येतो आणि त्या कागदपत्रांबरोबरच कपाटात राहतो. त्यातील अटी वाचण्याची वेळ नुकसान झाल्यानंतरच येते.

अशा नुकसानीचा एक प्रकार दिसायला किरकोळ, परंतु विचारांती महत्त्वाचा आहे. उंदराने वा घुशीने पाण्याची नळी कुरतडली, रात्रभर पाणी वाहिले, छत व भिंती भिजल्या, लाकडी सामान फुगले. हे नुकसान पाण्याने झाले की उंदराने? पाण्याने झाले असे म्हटले तर तो अपघात ठरू शकतो व भरपाईचा प्रश्न उभा राहतो. उंदराने झाले असे म्हटले तर ती घरमालकाची उपेक्षा ठरते व भरपाई नाकारली जाऊ शकते. एकाच घटनेची ही दोन वर्णने आहेत आणि त्यांतील कोणते स्वीकारले जाते, यावर एखाद्या कुटुंबाची वर्षभराची बचत अवलंबून असते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

अपघात व उपेक्षा यांच्यातील ही सीमारेषा कोठे व का आखली गेली याचा शोध घेणे, ती भारतीय गृहविम्यात कशी आली हे तपासणे आणि कोल्हापूरसारख्या पूरप्रवण शहरात ती कितपत टिकते याची चर्चा करणे, ही प्रस्तुत निबंधाची तीन उद्दिष्टे आहेत. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित कायदे, न्यायनिर्णय व पॉलिसींच्या छापील अटी यांचा आधार घेतला आहे.

भारतीय परंपरेतील मूषकभय

उंदराला केवळ घरगुती त्रास न मानता सार्वजनिक संकट मानण्याची परंपरा भारतात प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील चौथ्या अधिकरणात आठ दैवी महाभये सांगितली आहेत. अग्नी, जल, व्याधी, दुर्भिक्ष, उंदीर, हिंस्र पशू, सर्प व राक्षस अशी ती यादी आहे. या यादीत पूर आणि उंदीर एकाच पंक्तीत बसलेले आहेत. उंदरांच्या भयावर कौटिल्य उपाय सांगतो तो मांजरे व मुंगसे सोडण्याचा, आणि त्यांना पकडणाऱ्यास किंवा मारणाऱ्यास तो बारा पण दंड ठरवितो. पुराच्या भयावर पावसाळ्यात नदीकाठ सोडून राहावे, लाकडे, बांबू व नावा जवळ ठेवाव्यात असा त्याचा उपदेश आहे. शेतीसंबंधीच्या पारंपरिक ‘ईतीं’मध्येही अतिवृष्टी व अनावृष्टी यांच्याबरोबर मूषकांची गणना होते.

या विचारातील महत्त्वाचा भाग असा की, उंदरांचा बंदोबस्त ही एकट्या गृहस्थाची जबाबदारी मानलेली नाही. ते राज्याचे काम आहे. आधुनिक विम्याने नेमके याच्या उलट गृहीतक स्वीकारले. त्या गृहीतकाचा उगम मात्र घरात नसून जहाजात आहे.

जहाजावरील उंदीर : सीमारेषेचा उगम

घराचा आगीपासूनचा विमा १६६६ च्या लंडनच्या महाआगीनंतर आकारास आला. निकोलस बार्बन याने १६८० च्या सुमारास तेथे अग्निविम्याचे कार्यालय सुरू केले. परंतु विम्याच्या कायद्याची मूलतत्त्वे त्याआधीपासून चालत आलेल्या सागरी व्यापारात घडत होती. जहाजावर उंदीर असणारच, हे सर्वांना ठाऊक होते. मग उंदरांनी केलेल्या नुकसानीला ‘समुद्रावरील संकट’ म्हणता येईल काय, हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयांपुढे वारंवार आला.

१८१५ मध्ये हंटर विरुद्ध पॉट्स या प्रकरणात, उंदरांनी जहाजाचे लाकूड पोखरल्याने झालेली हानी विमा पॉलिसीतील संकटांत मोडत नाही, असे ठरले. १८५२ मधील लॅव्हेरोनी विरुद्ध ड्र्युरी हा खटला तर अधिक बोलका आहे. त्यात जहाजावरून नेलेले चीज उंदरांनी खाल्ले होते. जहाजावर दोन मांजरे ठेवली होती, असा बचाव घेण्यात आला. न्यायालयाने तो मान्य केला नाही व नुकसानीची जबाबदारी वाहतूकदारावर टाकली. कौटिल्याने जो उपाय राज्याकडे सोपविला होता, तोच येथे खाजगी व्यक्तीने करून पाहिला, पण त्याने ती जबाबदारीतून सुटली नाही. यामागील तर्क असा होता की उंदीर ही अनपेक्षित गोष्ट नाही. जे अपेक्षित आहे आणि टाळता येण्याजोगे आहे, ते संकट नव्हे.

या तर्काला पहिला मोठा छेद १८८७ मध्ये मिळाला. हॅमिल्टन, फ्रेझर आणि कंपनी विरुद्ध पॅंडॉर्फ आणि कंपनी हा तो खटला. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात मोडणाऱ्या ब्रह्मदेशातील अक्याब बंदरातून तांदूळ घेऊन निघालेल्या जहाजावर उंदरांनी शिशाची एक नळी कुरतडली. त्या छिद्रातून समुद्राचे पाणी आत आले व तांदूळ खराब झाला. यात जहाजमालकाच्या माणसांचा निष्काळजीपणा नव्हता, हे गृहीत धरण्यात आले होते. वाहतुकीच्या करारात ‘समुद्रावरील धोके व अपघात’ यांसाठी मालक जबाबदार राहणार नाही, अशी अट होती. अपील न्यायालयाने मालाच्या धन्याच्या बाजूने निकाल दिला, परंतु हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फिरविला. नुकसान उंदरांच्या दातांनी झाले नसून आत शिरलेल्या समुद्राच्या पाण्याने झाले आहे, आणि पाण्याचे हे शिरणे अपघाती आहे, असे त्या निर्णयाचे सार आहे.

हा खटला विमा पॉलिसीविषयीचा नव्हता; तो वाहतुकीच्या कराराचा होता. तरीही उंदराने खाल्लेला माल आणि उंदराने केलेल्या छिद्रातून आलेल्या पाण्याने भिजलेला माल या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद त्याने स्पष्ट केला. १९०६ च्या ब्रिटिश सागरी विमा कायद्याने नेहमीची झीज, नेहमीची गळती, मालाचा अंगभूत दोष आणि ‘उंदीर वा उपद्रवी जीव हे ज्याचे निकटतम कारण आहे’ असे नुकसान विमा कंपनीच्या जबाबदारीबाहेर ठेवले. पॉलिसीत वेगळी तरतूद असेल तरच अपवाद. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातील कलम ५५ मध्ये हीच तरतूद आली. येथे ‘निकटतम’ हा शब्द कळीचा आहे. १९१८ मध्ये लेलँड शिपिंग प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने असे सांगितले की निकटतम कारण म्हणजे काळाने शेवटचे कारण नव्हे, तर परिणामाच्या दृष्टीने सर्वांत प्रभावी कारण होय. त्यामुळे उंदीर की पाणी हा वाद मिटला नाही. तो प्रत्येक प्रकरणाच्या वस्तुस्थितीवर सोपविला गेला.

भारतातील सर्वसाधारण विमा व गृहविमा

भारतात सर्वसाधारण विम्याचा आरंभ १८५० मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या ट्रायटन इन्शुरन्स कंपनीपासून मानला जातो. १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा यांनी मुंबईत न्यू इंडिया अ‍ॅशुरन्स कंपनीची स्थापना केली. या व्यवसायाचे ग्राहक प्रामुख्याने गिरण्या, गोदामे, बंदरे व व्यापारी पेढ्या हे होते. दक्षिण महाराष्ट्रात विम्याची ओळख झाली ती मुख्यतः आयुर्विम्यामुळे. साताऱ्यात १९१३ मध्ये अण्णासाहेब चिरमुले यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी हे त्याचे ठळक उदाहरण होय. जिवाचा विमा घराघरांत गेला. घराचा विमा मात्र घरात गेला नाही.

१९३८ च्या विमा कायद्याने या व्यवसायाला शिस्त आणली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि विम्यासंबंधीचे भारतीय कायदे येथे लागू होत गेले. १९६८ च्या दुरुस्तीने दरपत्रक सल्लागार समिती अस्तित्वात आली. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले व १०७ विमा संस्थांचे नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चार कंपन्यांत एकत्रीकरण झाले. विमाधारकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, दर आणि अटी दोन्ही देशभर एकसारख्या झाल्या. २००१ च्या अखिल भारतीय अग्निविमा दरपत्रकातील प्रमाणित पॉलिसीत बारा संकटांची गणना होती. त्यांत आग, वीज, स्फोट, दंगल, वादळ व पूर यांच्याबरोबर ‘पाण्याच्या टाक्या, उपकरणे व नळ फुटणे किंवा भरून वाहणे’ हे स्वतंत्र संकट होते. १ जानेवारी २००७ पासून दर मुक्त करण्यात आले, तरी अटींची भाषा बऱ्याच अंशी जुनीच राहिली.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना लागू केली. घरातील वस्तूंना इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, परंतु कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण आणि कमी रकमेचा विमा असल्याच्या कारणावरून भरपाईत कपात न करणे, या तिच्यातील स्वागतार्ह तरतुदी आहेत. टाक्या व नळ फुटण्याचे संकटही तिच्यात कायम आहे.

पॉलिसीतील शब्द

प्रश्न आहे तो शब्दांचा. पॉलिसीतील क्रियापदे ‘फुटणे’ व ‘भरून वाहणे’ ही आहेत. ‘झिरपणे’ किंवा ‘कुरतडले जाणे’ ही नाहीत. नामनिर्दिष्ट संकटांच्या पॉलिसीत जे लिहिलेले नाही ते संरक्षित नसते. म्हणून महिनोन्‌महिने भिंतीत मुरणारी ओल या संकटात बसत नाही. उंदराने पाडलेल्या छिद्राने दाबाखालची नळी फाटली तर ते ‘फुटणे’ आहे काय, याचे उत्तर सर्व्हेअरच्या अहवालावर व पुढे वाद गेल्यास न्यायनिर्णयावर अवलंबून राहते. शिवाय घरमालकांच्या सर्वंकष पॉलिसींतील मौल्यवान वस्तू वा उपकरणांच्या विभागांत कसर, बुरशी, उपद्रवी जीव व झीज यांमुळे होणारे नुकसान वगळण्याची प्रथा आहे. १९०६ च्या कायद्यातील उंदीर अशा रीतीने जहाजातून उतरून घराच्या पॉलिसीत आला.

याच २००१ च्या प्रमाणित पॉलिसीत प्राण्याचा उल्लेख एका संकटात आढळतो. वाहनाच्या किंवा प्राण्याच्या धडकेने होणारे नुकसान तिने संरक्षित मानले होते. बैलाने भिंतीला धडक दिली तर तो अपघात. घुशीने तीच भिंत पायाखालून पोखरली तर ती उपेक्षा. पहिली घटना क्षणात घडते व डोळ्यांना दिसते. दुसरी हळूहळू व जमिनीखाली घडते. विम्याच्या दृष्टीने ‘आकस्मिक’ या शब्दाला असलेले महत्त्व या एका तुलनेतून ध्यानात येते. याच धडकेच्या अटीविषयी युनायटेड इंडिया विरुद्ध पुष्पालय प्रिंटर्स या २००४ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अटीचा अर्थ संदिग्ध असल्यास तो विमाधारकाला अनुकूल लावावा, या तत्त्वाचा आधार घेतला. त्याच वर्षी हरचंदराय चंदनलाल प्रकरणात मात्र, अट स्पष्ट असेल तर तिचे शब्द जसेच्या तसे पाळावे लागतात, असेही त्याच न्यायालयाने सांगितले. विमाधारकाचे भवितव्य या दोन तत्त्वांच्या मध्ये कोठेतरी असते.

अमेरिकेत १९५० मध्ये सुरू झालेल्या एकत्रित गृहविमा पॉलिसीच्या परंपरेत यावर एक मध्यम मार्ग आढळतो. तेथील प्रचलित नमुन्यांत उंदीर व कीटक यांनी केलेले नुकसान वगळले जाते, परंतु त्यातून पुढे उद्भवलेले व अन्यथा न वगळलेले नुकसान संरक्षित मानण्याची अट जोडलेली असते. तिच्या अर्थाविषयी तेथेही वाद होतात. तरी कुरतडलेली नळी आणि भिजलेले घर यांत भेद करण्यास ही अट वाव देते. पॅंडॉर्फ खटल्यातील भेद तो हाच.

कोल्हापूरचे घर, पाणी व उंदीर

हा भेद कोल्हापूरच्या घराला का महत्त्वाचा आहे, हे समजण्यासाठी येथील पाणीव्यवस्थेचा इतिहास पाहावा लागतो. कोल्हापूर नगरपालिकेची स्थापना १८५४ मध्ये झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंबा तलावाचे पाणी शहराला मिळू लागले. पुढे बालिंगा, नागदेववाडी व शिंगणापूर येथील उपसा केंद्रांतून नदीचे पाणी शहरात आले. १५ डिसेंबर १९७२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि त्यानंतर सतराच दिवसांनी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले. नव्या वसाहती, सिमेंटची घरे आणि प्रमाणित विमा पॉलिसी यांचा विस्तार त्यानंतरच्या दशकांतला आहे.

पेठांमधील जुन्या घरात पाणी आडातून शेंदले जाई किंवा नळावरून घागरीने आणून हंड्यात व हौदात साठविले जाई. उंदीर तेथेही होते. परंतु ते धान्याची कणगी, कपडे व मातीच्या भिंती यांवर चालून जात. पाणी आणि उंदीर यांची गाठ पडण्याचे प्रसंग मर्यादित होते. गच्चीवरील टाकी आली, घरभर प्लॅस्टिकच्या नळ्या फिरल्या, धुलाई यंत्र व पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आले, आणि ही स्थिती बदलली. उंदराचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात व त्यामुळे त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. शिसे कुरतडणाऱ्या दातांना प्लॅस्टिकची नळी अवघड नाही. हंड्याला छिद्र पडले तर एक हंडा पाणी सांडते; टाकीशी जोडलेल्या नळीला पडले तर हजार लिटरची टाकी घरात रिकामी होते. उंदीर तोच राहिला. त्याच्या एका चाव्याची किंमत मात्र वाढली.

उंदीर हा केवळ घरमालकाचा प्रश्न नाही, हे कोल्हापूरला प्लेगने शिकविले होते. १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या प्लेगची झळ पुढील काही वर्षांत कोल्हापूर संस्थानलाही बसली. राजर्षी शाहू महाराजांच्या राजवटीत लोकांना गावाबाहेर छावण्यांत हलविण्याचे उपाय योजले गेले. पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये उंदरावरील पिसवा व प्लेग यांचा संबंध दाखवून दिला. त्या मताला मान्यता मिळत गेली, तशी उंदीर ही नगरव्यवस्थेची जबाबदारी ठरली. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीसारख्या व्यापारी पेठेत गुळाचा साठा असताना एकेका दुकानदाराने वा घरमालकाने आपल्यापुरते बीळ बुजवून भागणार नाही, हे उघड होते. सार्वजनिक आरोग्याने जी जबाबदारी सामूहिक मानली, ती विम्याच्या करारात मात्र वैयक्तिकच राहिली.

महापूर आणि सीमारेषेची कसोटी

ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४३ फूट आहे. प्रयाग चिखली व आंबेवाडी ही गावे तसेच शहरातील दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर हे भाग पाण्याखाली गेले. उपसा केंद्रे बुडाल्यामुळे घरात पाणी आणि नळाला मात्र पाणी नाही, अशी अवस्था झाली. पूर हे पॉलिसीतील मान्य संकट असल्याने ज्यांचा विमा होता त्यांना थेट पुराच्या नुकसानीबाबत दावा करता आला. ज्यांचा नव्हता त्यांना शासकीय अनुदानावर विसंबून राहावे लागले.

परंतु पुराचे परिणाम पाणी ओसरल्यावर संपत नाहीत. नदीकाठची, ओढ्याकाठची व गटारांतील बिळे पाण्याने भरली की उंदीर व घुशी उंचावरील कोरड्या जागेकडे, म्हणजेच घरांकडे व वरच्या मजल्यांकडे, सरकतात. पाया भिजून भुसभुशीत झालेली माती पोखरणे घुशीला सोपे जाते. अशा वेळी पुरानंतर काही आठवड्यांनी कुरतडलेल्या नळीतून वाहिलेल्या पाण्याचे प्रभावी कारण कोणते? घरमालकाची उपेक्षा, उंदीर, की त्या उंदराला घरात लोटणारा पूर? जहाजमालकाला प्रवासापूर्वी जहाज तपासून घेण्याची मुभा होती. पूरग्रस्त गृहस्थाला तशी मुभा नसते. त्यामुळे जहाजाच्या अनुभवावर आखलेली सीमारेषा येथे जशीच्या तशी लावणे तर्काला धरून होत नाही.

या विसंगतीचे आणखी एक उदाहरण शेतीत सापडते. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत पूर, गारपीट यांच्याबरोबर कीड व रोग हेही टाळता न येणारे धोके मानले आहेत. म्हणजे करवीर तालुक्यातील शेतकऱ्याच्या भातावरील वा सोयाबीनवरील कीड हे त्याचे दुर्दैव ठरते, आणि त्याच शेतकऱ्याच्या घरातील उपद्रवी जीव हा त्याचा दोष ठरतो. शेत व घर यांमध्ये अंतर हाकेचे असते. विम्याच्या तत्त्वातील अंतर मात्र फार मोठे आहे.

अर्थात विमा कंपन्यांची बाजूही दुर्लक्षिता येत नाही. प्रत्येक कुरतडलेली नळी भरपाईस पात्र ठरली तर घराची निगा राखणाऱ्याने भरलेल्या हप्त्यातून निगा न राखणाऱ्याची भरपाई होईल. हप्ते वाढतील आणि आधीच थोडक्या असलेल्या गृहविमाधारकांची संख्या आणखी घटेल. म्हणून अपघात व उपेक्षा हा भेद मुळातच चुकीचा आहे, असे म्हणता येत नाही. तो उंदराच्या नावावर न ठरता गृहस्थाच्या वर्तनावर ठरावा, एवढेच इतिहास सुचवितो. पॅंडॉर्फ खटल्यातही निष्काळजीपणा नव्हता, ही गोष्ट निर्णायक ठरली होती.

निष्कर्ष

१. उंदीर व उपद्रवी जीव यांना विम्याबाहेर ठेवणारी अट सागरी व्यापारात जन्मली. भारतीय गृहविम्यातील अशा वगळणुकींमागचे तत्त्व तेथूनच आलेले आहे.

२. १८८७ च्या निर्णयाने उंदराने केलेले नुकसान आणि उंदराने मोकळ्या केलेल्या पाण्याचे नुकसान यांत भेद केला. भारतीय प्रमाणित पॉलिसीत नळ फुटण्याचे संकट समाविष्ट असूनही हा भेद स्पष्ट शब्दांत आलेला नाही.

३. पाण्याची साठवण व वहन यांची साधने बदलल्यामुळे घरगुती उपद्रवी जीवांमुळे होणाऱ्या पाण्याच्या नुकसानीचे स्वरूप बदलले आहे. पॉलिसीची भाषा मात्र या बदलाच्या मागे राहिली आहे.

४. पूरप्रवण शहरात पूर, उंदीर व गळती या साखळीतील दुव्यांना स्वतंत्र समजणे योग्य नाही. पुरानंतरच्या ठरावीक मुदतीत घडलेल्या अशा नुकसानीचा पॉलिसीत स्पष्ट विचार होणे आवश्यक आहे.

५. कुरतडलेल्या नळीची दुरुस्ती मालकाकडे व निष्काळजीपणा नसल्यास पाण्याचे आकस्मिक नुकसान विम्याकडे, अशी विभागणी उभय पक्षांना न्याय देणारी ठरेल. ती विमाधारकाला समजेल अशा मराठीत, ओल, गळती, कुरतडणे, फुटणे या रोजच्या शब्दांचा अर्थ सांगून मांडली पाहिजे.

कौटिल्याने पूर व उंदीर एका यादीत ठेवले, विम्याने ते दोन याद्यांत वाटले. पंचगंगेच्या काठावरील घरात मात्र ती दोन्ही संकटे आजही एकत्रच येतात.